पुण्यात व्हाइट क्लाउड आणि मेडाकाची पैदास, गोगलगायींच्या सोबतीने

निळीरेघ | १८ ऑक्टोबर, रात्री ९:१२

दिवाळी तोंडावर आली, म्हणजे पुण्यात व्हाइट क्लाउड या थंड पाण्यातल्या छोट्या शोभेच्या माशाच्या पैदाशीची टाकी मांडायची वेळ झाली. ज्यांना हे मासे थंडीत वाढवायचे आहेत त्यांनी टाकी आत्ता लावावी, डिसेंबरात नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू थंडीत फार हळू वाढतात. ऑक्टोबर हीटमध्ये २६-२७ अंशाला जी टाकी चार-पाच आठवड्यांत पक्की होते, तिला १७-१८ अंशाला बराच जास्त वेळ लागतो. स्पंज फिल्टर आज सुरू केलात तर नोव्हेंबरअखेर मासे सोडता येतील आणि नेमकी तेव्हाच पाण्याची थंडी सुरू होते.

टाकी दीड बाय एक बाय एक फुटाची पुरते. दहा इंच पाणी भरलं की साधारण ३५ लिटर. तळाला बारीक वाळूचा बोटभर थर किंवा काहीच नाही. एक स्पंज फिल्टर, एअर पंप, आणि पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह न चुकता, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुडूप) भरपूर घ्या, टाकीचा निम्मा तळ झाकला जाईल इतका. वर काचेचं किंवा जाळीचं झाकण हवं, हे मासे उडी मारतात.

मासे आठ ते दहा, त्यात माद्या जास्त. नर सडपातळ असतो, त्याच्या पंखांचा रंग गडद असतो आणि तो दुसऱ्या नरासमोर पंख ताणून उभा राहतो. मादी पोटाकडे गोल.

रॅम्सहॉर्न, म्हणजे चपट्या गुंडाळी शंखाच्या गोगलगायी, सुरुवातीला दहा-बारा. टाकी लावल्यावर निदान दोन आठवडे थांबा, अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट (तेही विषारी) दोन्ही शून्य दिसले की त्या सोडा. मासे त्यानंतर.

तापमान १८ ते २२ अंश. हीटर लावायचा नाही. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरातलं पाणी आपोआप याच पट्ट्यात असतं. हेच चार महिने हंगामाचे. बाकीचं वर्ष या माशांना नुसतं नीट जगवायचं.

---

कोथरूडकर | १८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

चांगला धागा. पाण्याबद्दल भर घालतो, कारण गोगलगायींचं सगळं गणित तिथेच बिघडतं.

महापालिकेचं पाणी खडकवासला साखळीतल्या धरणांचं, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी. ते मऊ असतं. माशांना चालतं, गोगलगायींना नाही. मऊ पाण्यात शंखाचा मधला, सर्वांत जुना भाग पांढरा पडून खरवडल्यासारखा दिसू लागतो आणि पुढे तिथे भोक पडतं. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ४ च्या वर आणि जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) ८ च्या आसपास ठेवा, शंख चांगले राहतात.

केएचसाठी खायचा सोडा चालतो. १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच एक अंश चढतो. ३५ लिटरच्या टाकीला म्हणजे साधारण १ ग्रॅम. एका दिवसात एक अंशापेक्षा जास्त चढवू नका. सोड्यात कॅल्शियम नसतं, त्यासाठी समुद्रफेन (कटलफिशच्या आतलं कवच). काष्ठौषधींच्या दुकानात सुटा मिळतो, पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातही मिळतो. तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा उकळून टाकीत टाका. आधी तरंगतो, मग भिजून बसतो. गोगलगायी तो थेट खरवडून खातात. पाण्याचा पीएच साडेसातच्या वर असेल तर समुद्रफेन फारसा विरघळत नाही, पण खरवडायला तरी राहतो.

पानात लावायचा चुना कधीही टाकू नका. पीएच काही मिनिटांत वर उसळतो आणि मासे मरतात.

---

मृण्मयी | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

आमच्या सोसायटीत महापालिकेचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं. प्रमाण रोज वेगळं. अशा ठिकाणी काय करायचं?

---

कोथरूडकर | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

मृण्मयीताई, टँकरचं पाणी बहुतेक बोअर किंवा विहिरीचं असतं, म्हणजे बरंच कठीण. कठीण पाण्याने गोगलगायींचं भलंच होतं आणि व्हाइट क्लाउड आणि मेडाका (जपानी भातखाचरांतला छोटा मासा) दोघेही ते सोसतात. अडचण अचानक बदलाची आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर घ्या आणि प्रत्येक वेळी पाणी बदलण्याआधी टाकीचं आणि बादलीचं, दोन्ही आकडे बघा. फरक शंभराच्या आत असेल तर पाव टाकी बदला. जास्त असेल तर त्या दिवशी एक-दीड लिटरच, तेही एअरलाइनच्या नळीला गाठ मारून थेंब-थेंब. आदल्या दिवसाचं पाणी दोन-तीन बादल्यांत साठवून ठेवण्याची सवय सगळ्यात सोयीची.

क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं १ मिलिलिटर १० लिटर पाण्याला पुरतं, साधारण १.४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन त्यात मरतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा डोसही वाढतो. नळाला वास आला तर २ मिलिलिटर टाका.

---

तळ्याकाठी | १९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

निळीरेघताई, अंडी मिळवण्याच्या दोन पद्धती आहेत, त्या वेगळ्या करून सांगायला हव्यात. नाहीतर लोक दोन्हींची खिचडी करतात.

पहिली, कायमच्या टाकीची. मासे, मॉस, गोगलगायी सगळं एकत्र. व्हाइट क्लाउड रोज थोडी-थोडी अंडी मॉसमध्ये विखरत राहतात. इतर अंडी विखरणाऱ्या माशांच्या मानाने हे स्वतःची अंडी आणि पिल्लं कमी खातात, पण खातातच. पोट भरलेलं असेल आणि मॉस दाट असेल तर दर आठवड्याला दोन-चार पिल्लं वाचून वर येतात. कष्ट शून्य, उत्पन्न कमी.

दुसरी, वेगळ्या टाकीची. नर आणि माद्या दोन आठवडे वेगवेगळे ठेवून त्यांना जिवंत खाणं द्या. मोइना, आर्टेमिया (दोन्ही पाण्यातले कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव), डासांच्या अळ्या, जे मिळेल ते. मग दोन नर आणि तीन-चार माद्या १५-२० लिटरच्या टाकीत सोडा. पाणी १५ सेंटिमीटरच खोल, तळ मॉसने किंवा लोकरीच्या मॉपने झाकलेला. चार-पाच दिवसांनी मोठे मासे काढून घ्या. त्याहून जास्त ठेवलेत तर आधी दिलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं त्यांच्या तोंडी जातील, कारण २२ अंशाला अंडी दोन दिवसांत फुटतात आणि आणखी दोन-तीन दिवसांत पिल्लं मॉसबाहेर पोहू लागतात. १८ अंशाला अंडी फुटायला तीन किंवा थोडे जास्त दिवस.

मॉप असा करायचा. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक लोकर घ्या, खरी लोकर पाण्यात कुजते. गडद हिरवी घ्या, म्हणजे अंडी दिसतात. २० सेंटिमीटर उंचीच्या वहीभोवती ३०-४० वेढे द्या, एका टोकाला घट्ट बांधा, दुसरं टोक कापा. रंग जाईपर्यंत उकळा. वर तरंगवायचा असेल तर थर्माकोलचा तुकडा बांधा, तळाला हवा असेल तर काचेची गोटी.

---

सिंहगडरोड | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४४

रॅम्सहॉर्न अंडी खात नाहीत का? माझा मुख्य प्रश्न हाच. गोगलगायी अंड्यांच्या टाकीत ठेवाव्यात की काढाव्यात?

---

शंखशिंपी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

गोगलगायीची जीभ खरवडणारी असते. ती मऊ, सडत आलेल्या गोष्टी सोलून काढते. न फळलेलं अंडं एका दिवसात पांढरं पडतं, त्यावर बुरशीचे धागे येतात आणि ते शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरतात. रॅम्सहॉर्न नेमकं ते पांढरं अंडं खाते, म्हणून ती टाकीत हवी. मेडाकाच्या अंड्याचं कवच तर इतकं टणक असतं की दोन बोटांत हलकं फिरवलं तरी फुटत नाही. त्याला रॅम्सहॉर्नकडून काही धोका नाही.

भुकेली गोगलगाय मात्र काय करेल याची खात्री देता येत नाही. टाकीत शेवाळ नाही, खाणं नाही आणि फक्त अंडी आहेत, अशी वेळ आणू नका. काकडीची किंवा उकडलेल्या दुधीची एक चकती तळाला असू द्या, बारा तासांनी काढा.

कोणती गोगलगाय, हेही महत्त्वाचं. रॅम्सहॉर्न आणि छोटी ब्लॅडर स्नेल चालतात. मलेशियन ट्रम्पेट वाळूत राहते, दिवसा बाहेर येत नाही, तिचा अंड्यांशी संबंध येत नाही. मिस्ट्री स्नेल मी अंड्यांच्या टाकीत ठेवत नाही. तिचं तोंड मोठं, अंगाने जड, मॉपवरून फिरली की अंडी सुटून तळाला पडतात, आणि वाटेत आलेलं ती खातेही. पिल्लं पोहायला लागली की मग खुशाल सोडा.

---

तळ्याकाठी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

शंखशिंपी, मेडाकाबद्दल सहमत. व्हाइट क्लाउडबद्दल मी जास्त सावध आहे. त्यांचं अंडं लहान आणि नाजूक, कवच पातळ. दोनतीन दिवसांतच फुटणार असेल तर बुरशीला वेळच कमी मिळतो, मग तिथे गोगलगायीची गरज तरी काय? माझं मत, व्हाइट क्लाउडच्या अंड्यांच्या टाकीत एकही गोगलगाय नको. पिल्लं पोहायला लागल्यावर पाच-सहा छोट्या रॅम्सहॉर्न सोडा. तिथून त्यांचं खरं काम सुरू होतं, कारण पिल्लांना दिलेल्या बारीक खाण्यातलं निम्मं तळाला जातं आणि सडतं.

---

शंखशिंपी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मान्य. वेगळ्या टाकीच्या पद्धतीत असंच करावं. कायमच्या टाकीत त्या असतातच, तिथे पर्याय नाही आणि नुकसानही दिसत नाही.

---

निळीरेघ | २० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आता पिल्लांचं खाणं. बहुतेक पिल्लं इथेच जातात, त्यामुळे हे सविस्तर लिहिते.

अंड्यातून निघालेलं व्हाइट क्लाउडचं पिल्लू दोन-तीन दिवस काचेला किंवा पानाला चिकटून लोंबतं. पोटाखालचा बलक संपेपर्यंत त्याला काहीही द्यायचं नाही. आडवं पोहायला लागलं की त्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा खाणं हवं. त्याचं तोंड इतकं लहान असतं की आर्टेमियाचं पिल्लूही मावत नाही. पहिले सात ते दहा दिवस इन्फ्युसोरियाच, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव.

इन्फ्युसोरियासाठी गोगलगायीच कामाला लावाव्यात. पाच लिटरची काचेची बरणी घ्या, टाकीतलंच जुनं पाणी भरा, दहा मोठ्या रॅम्सहॉर्न सोडा आणि रोज कोबीचं वाफवलेलं छोटं पान द्या. त्यांच्या विष्ठेवर सूक्ष्मजीव भराभर वाढतात. आठवड्याभरात पाणी उजेडासमोर धरलं की धुळीसारखे हलणारे कण दिसतात. कप-दीड कप पाणी पिल्लांच्या टाकीत ओता आणि बरणीत तेवढंच जुनं पाणी घाला. नुसतं केळ्याचं साल सडवून केलेल्या इन्फ्युसोरियापेक्षा ही बरणी बरीच स्थिर राहते. साल एकदम कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि घाण वास येतो. बरणीला वास यायला लागला तर पान जास्त झालंय किंवा एखादी गोगलगाय मेलीय. मेलेली लगेच काढा, एक मेलेली मोठी गोगलगाय अख्खी बरणी नासवते.

बरणी अंडी येण्याच्या आठ-दहा दिवस आधी लावलेली असली पाहिजे. पिल्लं पोहायला लागल्यावर लावून उपयोग नाही.

दहाव्या दिवसापासून मायक्रोवर्म (धाग्यासारखे अगदी बारीक किडे) आणि आर्टेमिया. आर्टेमियासाठी लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, म्हणजे दीड टेबलस्पूनच्या आसपास, आणि अर्धा चमचा अंडी. तळापासून जोरात हवा. २६-२८ अंशाला २४ तासांत फुटतात. डिसेंबरात आपल्या खोलीत पाणी २० अंशाला असतं, तिथे दीड ते दोन दिवस लागतात, म्हणून बाटलीशेजारी जुना ६० वॅटचा बल्ब ठेवा. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की कवचं वर येतात आणि पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. ती नळीने काढून चहाच्या बारीक गाळणीत नाही, कापडात गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. कवचं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, म्हणून एका वेळी अर्ध्या तासात संपेल इतकाच द्या.

तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लांच्या अंगावर निळी-हिरवी झळाळती रेघ दिसते. या वयात ती निऑन टेट्रासारखीच दिसतात. इथवर आलेली पिल्लं मग सहज जगतात.

---

मृण्मयी | २० ऑक्टोबर, सकाळी ११:०२

मायक्रोवर्म घरी करता येतात ना? आणि उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो का?

---

तळ्याकाठी | २० ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मायक्रोवर्म अगदी सोपे. ओट्स शिजवून घट्ट लापशी करा, थंड करून पसरट डब्यात एक सेंटिमीटर थर द्या, वर चिमूटभर यीस्ट आणि कुणाकडून तरी आणलेलं चमचाभर स्टार्टर. झाकणाला सुईने भोकं पाडून आतून कापसाचा बोळा लावा, नाहीतर फळमाश्या घुसतात. चार-पाच दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, ते बोटाने पुसून टाकीत बुडवायचे. लापशी पातळ होऊन आंबट वास तीव्र झाला की नवीन डबा लावा. नेहमी दोन डबे आठवड्याच्या अंतराने चालू असू द्यात.

बलक शक्यतो टाळा. द्यायचाच असेल तर हरभऱ्याएवढा तुकडा कपभर पाण्यात फडक्यातून पिळून त्यातलं काही थेंबच. बलकाने पाणी ढगाळतं आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. रॅम्सहॉर्नही बलकाचा तवंग साफ करू शकत नाहीत.

---

अभ्रक | २० ऑक्टोबर, रात्री ९:००

व्हाइट क्लाउडसाठी एप्रिल-मेचं काय? हंगाम चार महिन्यांचा असला तरी मासे बारा महिने टाकीत असतात, आणि पुण्यात मेमध्ये घरातलं पाणी ३२-३३ अंशांपर्यंत जातं.

---

निळीरेघ | २० ऑक्टोबर, रात्री ९:४८

हा मासा १९३२ मध्ये शास्त्राला माहीत झाला तो चीनमधल्या ग्वांगझूजवळच्या डोंगरी ओढ्यांतून. थंड, वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी हे त्याचं घर. २६ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिला की आयुष्य घटतं. त्यात २० अंशाला पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. मासा गरम पाण्यात जास्त ऑक्सिजन मागतो आणि पाणी कमी देतं.

पुण्याचं एक बरं आहे. आपला एप्रिल-मे कोरडा. पाण्यावर आडवा पंखा सोडला की बाष्पीभवनाने तीन-चार अंश उतरतात. मुंबईत त्याच पंख्याने एखादा अंश उतरला तरी खूप. १२ व्होल्टचा संगणकातला १२ सेंटिमीटरचा पंखा, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, आणि झाकणाऐवजी जाळी. दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. भर आरओच्या पाण्याने घाला, कारण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. नळाचं पाणी घालत राहिलात तर जूनपर्यंत टीडीएस दुप्पट झालेला दिसेल.

बर्फाच्या बाटल्यांनी फारसं काही होत नाही. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली ४० लिटरला जेमतेम दीड अंश उतरवते, तेही तासा-दोन तासांपुरतं, आणि तापमान दिवसभर वरखाली होत राहतं. त्यापेक्षा टाकी तळमजल्यावर, उत्तरेकडच्या भिंतीला, गच्चीखालच्या खोलीत अजिबात नको. मेमध्ये माशांची संख्या निम्मी करा, खाणं दिवसाला एकदाच द्या, हवेचा जोर वाढवा. पावसाळा लागला की पाणी परत २५ च्या खाली येतं, तेव्हा पंखा बंद. दमट हवेत त्याचा उपयोग राहत नाही.

---

कोथरूडकर | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

आणि ज्यांना मेमध्येही अंडी हवीत त्यांनी मेडाका घ्यावा. थंडीही सोसतो, ३० च्या वरचं पाणीही सोसतो. व्हाइट क्लाउडचा हंगाम संपतो तिथे याचा सुरू होतो. दोन्ही ठेवले तर एक ना एक पैदास वर्षभर चालू राहते.

मेडाकाला अंड्यांसाठी उजेड लागतो, दिवसाला बारा-तेरा तास. पुण्यात डिसेंबरात दिवस ११ तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेरा. म्हणून गॅलरीतल्या टबात तो फेब्रुवारीअखेर ते सप्टेंबर अंडी देतो आणि थंडीत थांबतो. घरात टायमरवर १४ तास दिवा लावला आणि पाणी २३-२५ अंश ठेवलं तर थंडीतही देतो.

मादी सकाळी उजेड झाल्यावर लगेच अंडी देते, दहा ते तीस. काही तास ती पोटाखाली द्राक्षांच्या घोसासारखी लटकतात, मग ती मॉपवर घासून चिकटवते. दुपारी मॉप काढून अंडी बोटांनी वेचा. अंड्यांना चिकट केस असतात, तळहातावर हलकं गोल फिरवलं की केस सुटतात. फळलेलं अंडं टणक लागतं, न फळलेलं लगेच फुटतं, त्यामुळे वेचतानाच निवड होते.

वेचलेली अंडी चपट्या डब्यात नळाच्या साध्या पाण्यात ठेवा. इथे मुद्दाम क्लोरीन काढायचं नाही, त्या थोड्या क्लोरीनने बुरशी रोखली जाते. पाणी रोज बदला. अंड्यात डोळे ठळक दिसायला लागले की टाकीच्या जुन्या पाण्यात हलवा. मेथिलीन ब्लू हे बुरशीवरचं निळं औषधही चालतं, एक टक्क्याच्या द्रावाचे लिटरला तीन-चार थेंब, पण त्या डब्यात गोगलगाय नको.

कधी फुटतील याचा हिशोब सोपा. रोजच्या पाण्याच्या अंशांची बेरीज २५० झाली की फुटतात. २५ अंशाला दहा दिवस, २० ला साडेबारा. हाच मासा १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अंतराळात गेला आणि तिथे त्याने अंडी दिली, पिल्लंही निघाली. इतका जुळवून घेणारा आहे.

पिल्लं पृष्ठभागालाच राहतात. हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळाने हिरवं झालेलं, त्यांच्यासाठी सर्वोत्तम. भुकटी दिली तर अगदी बारीक, तरंगणारी. दर पंधरा दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळी करा, मोठी पिल्लं लहानांना खातात.

---

सिंहगडरोड | २१ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

गॅलरीतल्या टबात गोगलगायी नुसत्या सोडून द्यायच्या? आणि मुळशीकडच्या भातखाचरांत रॅम्सहॉर्नसारख्याच दिसणाऱ्या भरपूर मिळतात, त्या चालतील?

---

शंखशिंपी | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

भातखाचरातल्या आणू नका. ती आपल्याकडची इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. गुराढोरांच्या रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमींचा अर्धा जीवनक्रम या गोगलगायीत होतो. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरू पाहतात आणि हाताला खाज सुटून पुरळ येतं. ती जातच हवी असेल तर एकच मार्ग. पानाला चिकटलेला अंड्यांचा जेलीसारखा पुंजका आणा, स्वच्छ पाण्यात धुवा, वेगळ्या बरणीत फोडा. ही कृमी अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही.

दुकानातून आणलेल्याही तीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवा. त्यांच्यासोबत जळवा, प्लॅनेरिया (चपटे किडे) आणि वनस्पतींवरून हायड्रा येतात. हायड्रा व्हाइट क्लाउडची पिल्लं पकडून खाते आणि आर्टेमियावर तर झपाट्याने वाढते. काचेवर अर्ध्या सेंटिमीटरचे, टोकाला धागे फुटलेले देठ दिसले की समजा. पिल्लं आणि गोगलगायी दुसरीकडे हलवून टाकी रिकामी करणं, मॉस फेकणं आणि काच-स्पंज गरम पाण्याने धुणं हे सर्वांत खात्रीचं. स्पंज गेला की जिवाणूही गेले, त्यामुळे दुसऱ्या टाकीत एक जादा स्पंज कायम चालू ठेवा.

टबाबद्दल. पन्नास-साठ लिटरचा, फिक्या रंगाचा. काळा टब मेमध्ये उन्हात पाणी उकळत ठेवल्यासारखा तापतो. पूर्वेची गॅलरी, वर ५० टक्क्यांची शेडनेट. काठापासून दोन इंच खाली भोक पाडून त्याला जाळी लावा, नाहीतर पहिल्या वळवात मासे वाहून जातात. पावसाचं पाणी मऊ, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये टबातल्या गोगलगायींचे शंख आधी खराब होतात. महिन्याला समुद्रफेनाचा नवा तुकडा टाका आणि केएच बघत राहा. खंड्या आणि कावळे येतात, म्हणून जाळी काठाला बांधलेली असावी. मोठे मेडाका असलेल्या टबात डास वाढत नाहीत, अळ्या तेच संपवतात. नुसत्या पिल्लांच्या टबात वाढतात, म्हणून त्यावर मच्छरदाणीचं कापड लावा. चतुर टबात अंडी घालतो आणि त्याची अळी एकेक करून पिल्लं संपवते, त्यालाही हेच कापड अडवतं.

---

अभ्रक | २१ ऑक्टोबर, रात्री ८:२०

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) आले तर? बाजारातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं.

---

शंखशिंपी | २१ ऑक्टोबर, रात्री ९:००

तांबं म्हणजे गोगलगायींचा शेवट, अगदी थोड्या प्रमाणातही. मग त्या टाकीत शंभर कुजणारे शंख आणि अमोनियाचा डोंगर. औषध नेहमी मासे वेगळ्या, रिकाम्या टाकीत हलवून करा. मूळ टाकीत गोगलगायी तशाच राहू द्या. मासाच नाही म्हटल्यावर ठिपक्यांच्या परजीवीला जगता येत नाही. २० अंशाच्या पाण्यात तीन आठवडे टाकी मासे न ठेवता चालवा. औषधाच्या टाकीत वापरलेली जाळी आणि नळी इकडे आणू नका.

---

मृण्मयी | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:१२

मिस्ट्री स्नेलची पैदास याच टाकीत होईल का? आणि रॅम्सहॉर्न फार झाल्या तर?

---

शंखशिंपी | २२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मिस्ट्रीत नर-मादी वेगळे, म्हणून पाच-सहा एकत्र ठेवा. मादी रात्री पाण्याबाहेर काचेवर गुलाबी-पांढरा पुंजका घालते, त्यासाठी पाण्यावर दोन-तीन इंच जागा आणि घट्ट झाकण हवं, नाहीतर ती जमिनीवर उतरते. पुंजका पाण्यात बुडला तर आतली पिल्लं गुदमरतात. दमट राहिला की दोन ते चार आठवड्यांत फुटतो. १८ अंशांच्या खाली मिस्ट्री सुस्त होते आणि अंडी देत नाही, त्यामुळे तिची पैदास ऑगस्ट-ऑक्टोबरात धरा. रॅम्सहॉर्न द्विलिंगी, दोन असल्या तरी पुरे.

रॅम्सहॉर्न फार होण्याचं कारण एकच, तुम्ही घालता ते जास्तीचं खाणं. त्यांची संख्या म्हणजे तुमच्या खाण्याच्या उरलेल्या भागाचा सरळ हिशोब. आधी खाणं कमी करा. मग रात्री काकडीची चकती ठेवा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या काढा. जास्तीच्या इन्फ्युसोरियाच्या बरणीत टाका, कुणाला द्या, पण ओढ्यात, पाषाणच्या तलावात, मुळा-मुठेत सोडू नका. मासेही नाही, मॉसही नाही. उजनी धरणात बाहेरून आलेल्या तिलापिया माशाने स्थानिक मासे मागे रेटले, ते सगळ्यांना माहीत आहे. टाकून द्यायच्याच असतील तर उकळत्या पाण्यात टाकून मग कुंडीत पुरा, शंखांचं कॅल्शियम मातीला मिळतं.

अ‍ॅसॅसिन स्नेल (दुसऱ्या गोगलगायी खाणारी गोगलगाय) हा उपाय पैदाशीच्या टाकीत चुकीचा. ती उरलेल्या, तुम्हाला हव्या असलेल्या गोगलगायीही खाते.

---

सिंहगडरोड | २२ ऑक्टोबर, दुपारी २:०५

शेवटचा प्रश्न. मासे बाहेरगावाहून बसने आणायचे आहेत, सोबत गोगलगायीही. एकाच पिशवीत?

---

तळ्याकाठी | २२ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

एकाच पिशवीत नको. मासे आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला सांगा, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, दहा लहान माशांना लिटरभर पाणी, पिशवी दुहेरी, कोपरे रबराने बांधलेले. बाहेरून वर्तमानपत्र आणि थर्माकोलचा डबा. रात्रीची बस घ्या. गोगलगायींना पाणी लागतच नाही. ओल्या टिश्यूत गुंडाळून भोकं पाडलेल्या डबीत ठेवा, दिवसभर आरामात राहतात. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग दर दहा मिनिटांनी टाकीचं अर्धा कप पाणी पिशवीत, तासभर. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासे जाळीने घ्या. त्या रात्री दिवा बंद आणि खाणं नाही.

---

निळीरेघ | २२ ऑक्टोबर, रात्री ८:५०

ज्यांची टाकी या आठवड्यात लागतेय त्यांनी अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे दर रविवारी इथे टाकावेत, सोबत पाण्याचं तापमान आणि टीडीएस. मायक्रोवर्मचं स्टार्टर नोव्हेंबरच्या मध्याला देता येईल. हवं असेल त्यांनी खाली फक्त आपला भाग लिहा, पत्ता किंवा फोन नंबर नको.